स्टेशनपासून चालत पाच मिनिटे



१५ नोव्हेंबर २०२२ला सिल्व्हर लाइनचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अ‍ॅशबर्नहून थेट वॉशिंग्टनच्या मध्यापर्यंत गाडी जायला लागली. त्याला आता तीन वर्षं उलटून गेली. तेव्हापासून आपल्या मराठी घरांतल्या जेवणावळींत मी तीच चार वाक्यं ऐकते आहे. गाड्या रिकाम्याच धावतात. पैसे मात्र टोल भरणाऱ्यांच्या खिशातून गेले. आता तिकडून नको ते लोक इकडे येणार. आणि पुरणपोळी संपता संपता चौथं: स्टेशनजवळ म्हणे आणखी अपार्टमेंट्स येणार आहेत, मग आपल्या शाळांचं काय होणार, घरांच्या किमतींचं काय होणार?

पहिल्या तीन वाक्यांवर वाद घालता येतो, आणि तो मी खाली घालणारच आहे. पण खरा राग येतो तो चौथ्याचा. कारण ते बोलणारी माणसं कोण आहेत? डोंबिवली, ठाणे, पार्ले, चिंचवड अशा गावांत वाढलेली. जिथे घराचा पत्ता सांगताना आधी "पूर्व की पश्चिम?" असं विचारतात. जिथे घरांच्या जाहिरातीत "स्टेशनपासून चालत पाच मिनिटे" एवढं लिहिलं की बाकी काही लिहावं लागत नाही (आणि ती पाच मिनिटं प्रत्यक्षात पंधरा निघतात, ही गोष्ट वेगळी). १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत स्टेशनाभोवती भाजीबाजार, शाळा, दवाखाने, वाचनालयं, क्लासेस वसत गेले. आपण त्याच्यावर वाढलो. लोकलच्या गर्दीत माणसं मरतात, हे मी विसरलेले नाही, आणि त्या गर्दीचं कौतुक करणाऱ्यांतली मी नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला एकटीनं गाण्याच्या क्लासला जाता येतं, सत्तरीच्या आजोबांना कुणाला न विचारता पेन्शन आणायला जाता येतं, ही काय चीज आहे हे जगात कुणाला समजायला हवं असेल, तर ते आपल्याला. आणि सुनावणीत उठून "आमच्या वसाहतीचं स्वरूप बिघडेल" म्हणणारेही आपणच.

आता थोडा इतिहास, कारण तो न बघता "गाड्या रिकाम्या धावतात" म्हणणं म्हणजे रोप खडकावर लावून त्याला आळशी म्हणण्यासारखं आहे.

डलस विमानतळ १९६२ साली उघडला. त्यासाठी १९५८ साली जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, तेव्हा विलर्ड नावाची कृष्णवर्णीयांची एक जुनी वस्ती उठवली गेली. (विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांची गोष्ट नवी मुंबई-पनवेलकडच्या वाचकांना वेगळी सांगायला नको.) विमानतळाकडे जाणारा रस्ता बांधताना नियोजनकारांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली: रस्त्याच्या मधोमध पुढेमागे रेल्वे नेता यावी म्हणून पट्टा मोकळा सोडला. पुढे १९८४ साली त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोल रोड आला. म्हणजे मध्ये पट्टा, त्याला लागून विमानतळाचा रस्ता, त्याच्या बाहेर टोल रोड. सगळ्या मिळून डझनभर लेन. आणि जेव्हा पुढे मेट्रो आली, तेव्हा ती या मधल्या पट्ट्यातून जाणार हे जणू विधिलिखितच होतं. जागा फुकट, कुणाचं घर पाडायचं नाही, कुणाचा विरोध नाही.

तिथेच मेख आहे. जिथे कुणाचा विरोध नाही, तिथे बहुधा कुणी राहतही नसतं.

नियोजनशास्त्रात एक साधा हिशेब असतो. माणूस गाडी पकडायला साधारण अर्धा मैल चालतो, म्हणजे दहा मिनिटं. स्टेशनाभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं की सुमारे ५०० एकर जमीन त्यात येते. ती ५०० एकर म्हणजे त्या स्टेशनाची खरी मिळकत. तिथे किती लोक राहतात, काम करतात, दुकानं चालवतात, यावर स्टेशन जगतं किंवा मरतं. आता हे वर्तुळ बारा लेनच्या मधोमध ठेवा. त्याचा सगळ्यात मोलाचा भाग, म्हणजे दाराशेजारची पहिली दोन-तीन मिनिटं, डांबर, उतार आणि रॅम्प यांनी खाऊन टाकला. रेस्टन, हर्न्डन, इनोव्हेशन सेंटर, कुठेही उतरा. आधी सरकता जिना, मग गाड्यांच्या गोंगाटावरून जाणारा पादचारी पूल, मग पार्किंग गॅरेज, मग कुठे गाव. जानेवारीत त्या उघड्या फलाटावर वारा असा लागतो की कानटोपीची लाज वाटेनाशी होते.

याला दुसरा काही मार्ग होता का? होता, आणि तो बघायला परदेशी जायला नको. सिल्व्हर लाइनच्याच गाडीत बसून आर्लिंग्टनला जा. साठच्या दशकात तिथेही मूळ बेत असाच होता, येऊ घातलेल्या ६६ नंबरच्या हायवेच्या पट्ट्यातून मेट्रो नेण्याचा. स्वस्त आणि बिनबोभाट. आर्लिंग्टन काउंटीनं तो नाकारला. मेट्रो विल्सन बुलेव्हार्डखालून, मरगळलेल्या जुन्या बाजारपेठेखालून गेली पाहिजे, असा आग्रह धरला, आणि भुयाराच्या जादा खर्चाचा भार उचलला. रॉसलिन, कोर्ट हाऊस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर आणि बॉलस्टन अशी ओळीनं पाच स्टेशनं. बॉलस्टनपर्यंत गाडी १९७९ साली पोहोचली. काउंटीनं उंच इमारतींना परवानगी दिली ती स्टेशनालगतच, आणि दोन गल्ल्या सोडल्या की जुनी बैठी घरं तशीच ठेवली. आज तिथे हजारो लोक स्टेशनवर चालत येतात. पुढे बॉलस्टननंतर तोच मार्ग हायवेच्या पट्ट्यात शिरतो आणि ईस्ट फॉल्स चर्चपासून १९८६ साली उघडलेल्या व्हिएन्नापर्यंत सगळी स्टेशनं पट्ट्यातली. एकाच मार्गावर दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ मांडून ठेवले आहेत. पुढच्या वेळी फोनवरून मान वर करून खिडकीबाहेर बघा, बॉलस्टन सोडल्यावर काय बदलतं ते.

आर्लिंग्टनचं सगळंच गोड आहे असंही नाही. सत्तरच्या दशकात, खोदकाम चालू असताना क्लॅरेंडनमधली दुकानं स्वस्तात भाड्याने मिळत होती. सायगाव पडल्यावर आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी ती घेतली, आणि त्या भागाला लोक 'लिटिल सायगाव' म्हणायला लागले. मेट्रो आली, भाडी वाढली, आणि ज्यांनी त्या रस्त्याचे वाईट दिवस काढले त्यांना चांगल्या दिवसांत तिथे जागा उरली नाही. त्यातले बरेच फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरला गेले. आपण ज्या ठिकाणी फो खायला जातो तेच. म्हणजे स्टेशन योग्य जागी आणलं एवढ्यानं भागत नाही. त्याच्याजवळ कुणाला राहता येईल हे त्याच वेळी, कायद्यानं ठरवून ठेवावं लागतं. नंतर ठरवू म्हटलं की ते बाजार ठरवतो.

टायसन्सची गोष्ट अनेकांनी जवळून पाहिली आहे. तिथे मेट्रो हायवे सोडून १२३ आणि ७ नंबरच्या रस्त्यांवर येते, चार स्टेशनं आहेत. २००६ साली मोठा वाद झाला होता, मार्ग भुयारातून न्यायचा की खांबांवरून. भुयार केलं असतं तर वरचा रस्ता माणसांसाठी अरुंद करता आला असता, झाडं लावता आली असती. पण केंद्र सरकारच्या ९० कोटी डॉलर्सच्या अनुदानावर पाणी सोडावं लागेल या धास्तीनं, तेव्हाचे गव्हर्नर टिम केन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात खांबांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांच्यावर मी फारसं खापर फोडणार नाही. दोष त्या हिशेबाच्या पद्धतीचा होता. किती डॉलर खर्चून प्रवाशांची किती मिनिटं वाचतात, हे त्या काळच्या केंद्रीय सूत्रात मुख्य माप होतं. त्या जागेचं पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल, याला त्या सूत्रात जवळजवळ रकानाच नव्हता. मी डेटाबेसची कामं करते. ज्याला रकाना नाही ते अहवालात येत नाही, आणि जे अहवालात येत नाही ते अस्तित्वातच नसतं, हे मला रोज दिसतं. एवढं करूनही जानेवारी २००८मध्ये केंद्रानं प्रकल्प जवळजवळ नाकारलाच होता. अनुदानाचा करार मार्च २००९मध्ये झाला आणि काम सुरू झालं. २६ जुलै २०१४ला वीली-रेस्टन ईस्टपर्यंत गाडी धावली. आज टायसन्समध्ये इमारती उभ्या राहताहेत, २०१०च्या आराखड्यात परवडणाऱ्या घरांचा वाटाही मागितला आहे, पण स्टेशनातून उतरून ७ नंबरचा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. सशासारखा दिसतो.

विमानतळावरही तेच. एप्रिल २०११मध्ये विमानतळ प्राधिकरणानं टर्मिनलजवळच्या भूमिगत स्टेशनाच्या बाजूने मत दिलं. त्यावर दोन्ही काउंट्या आणि राज्य खर्चावरून इतके बिथरले की वाहतूकमंत्री रे लाहूड यांना मध्ये पडावं लागलं, आणि जुलैत तोच निर्णय फिरवला गेला. सुमारे ३० कोटी डॉलर वाचले, स्टेशन जमिनीवर आलं, आणि टर्मिनलपासून भुयारी वाटेनं काही मिनिटं चालण्याच्या अंतरावर गेलं. इथे मात्र माझं मत बहुसंख्यांहून वेगळं आहे: हे बरं झालं. सरकत्या पट्ट्यावरून बॅगा ओढत पाच मिनिटं गेलो तर काही बिघडत नाही. माझी तक्रार अशी की, वाचलेल्या पैशाचा हा काटेकोर हिशेब विमानतळावर करणारे लोक स्टेशनाबाहेरच्या फुटपाथसाठी कधी भांडले नाहीत.

आणि मग आपली लाउडन काउंटी. ३ जुलै २०१२ रोजी बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी प्रकल्पात राहण्याचा निर्णय घेतला तो ५ विरुद्ध ४ मतांनी. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर आज अ‍ॅशबर्नला स्टेशन नसतं. त्या सुनावण्यांना आपल्यातले किती जण गेले होते? त्या वेळी आपली संख्या काही कमी नव्हती. अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंगमध्ये तेव्हाही गणपतीला हॉल अपुरा पडत होता.

काउंटीच्या वाट्याला दोन स्टेशनं आली, अ‍ॅशबर्न आणि लाउडन गेटवे. गेटवेला कधी उतरला आहात? तिथे घरं बांधताच येत नाहीत, कारण विमानांच्या आवाजाचा पट्टा आहे. हे नियोजन करतानाच माहीत होतं. मग उतारूंसाठी दुसरा आधार म्हणजे नोकऱ्या. पण त्या परिसरात जमीन कुणाच्या हाती गेली? डेटा सेंटर्सच्या. जगातली सर्वात मोठी डेटा सेंटर्सची दाटी आपल्या दाराशी आहे, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, आणि आपल्यातल्या निम्म्यांची भाकरी त्याच खिडक्या नसलेल्या डब्यांवर चालते, माझीसुद्धा. काउंटीला त्यातून भरघोस कर मिळतो हेही खरं. पण एका डेटा सेंटरमध्ये माणसं किती असतात? सर्व्हर काही सकाळी डबा घेऊन ट्रेन पकडत नाहीत. गेटवे हे संपूर्ण मेट्रोतल्या सर्वात कमी उतारूंच्या स्टेशनांपैकी एक आहे, यात नवल ते काय! आणि मग त्याच स्टेशनाचा फोटो दाखवून कुणी म्हणतं, "बघा, रिकामं!"

आता टोल. या तक्रारीत तथ्य आहे. अकरा स्टेशनं, २३ मैल आणि दोन्ही टप्पे मिळून सुमारे ६ अब्ज डॉलर. यातला जवळजवळ निम्मा भार टोल रोडच्या उत्पन्नावर टाकला गेला. पहिल्या टप्प्याला केंद्राचं अनुदान तरी होतं, दुसऱ्याला प्रामुख्याने कर्ज मिळालं, आणि ते फेडणार टोल भरणारे. २०२३च्या जानेवारीपासून मुख्य नाक्यावर ४ डॉलर आणि रॅम्पवर २ डॉलर झाले. रोज जाऊन-येऊन १२ डॉलर. घरून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आठवड्यातून दोनदा बोचतात. पण लीजबर्गच्याही पलीकडे स्वस्त घर घेऊन रोज टायसन्सला रंगकामाला जाणाऱ्या माणसाला ते रोज बोचतात. तेव्हा टोलबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोलू. तो भार राज्यानं आणि जमिनींच्या वाढलेल्या किमतीतून लाभ उठवणाऱ्यांनी अधिक उचलायला हवा होता, असं बोलू. "मी पैसे दिले म्हणून स्टेशनाजवळ दुसऱ्या कुणी राहायला येऊ नये" हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे. पैसे गेलेच आहेत. ते वसूल व्हायचे असतील तर त्या गाडीत माणसं बसायला हवीत, आणि माणसं बसायला हवी असतील तर ती जवळ राहायला हवीत.

शिवाय किंमत फक्त आपणच मोजली असंही नाही. पोटोमॅक नदीखालच्या, रॉसलिनजवळच्या एकाच बोगद्यातून ऑरेंज, ब्लू आणि सिल्व्हर या तिन्ही मार्गांच्या गाड्या जातात. २०१४ साली सिल्व्हरला जागा करून देण्यासाठी ब्लू लाइनच्या गाड्या कमी केल्या गेल्या. म्हणजे आपल्याला गाडी मिळाली तेव्हा दुसऱ्या कुणाला फलाटावर जास्त वेळ उभं राहावं लागलं. त्या लोकांनी आपल्याबद्दल "नको ते लोक" असं म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

कुणाच्या दारात रेल्वे आधी जाते, हा प्रश्न या शहरात कधीच निव्वळ इंजिनिअरिंगचा नव्हता. मेट्रोची पहिली गाडी १९७६ साली धावली. ग्रीन लाइन मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून जाते. अ‍ॅनाकॉस्टियाला ती १९९१ला पोहोचली, कोलंबिया हाइट्सचा मधला तुकडा १९९९ला जोडला गेला आणि ब्रँच अ‍ॅव्हेन्यूपर्यंत ती २००१ला गेली. मूळ आराखड्यातला सगळ्यात शेवटचा तुकडा तो. ज्यांच्याकडे गाड्या सगळ्यात कमी, त्यांना रेल्वे सगळ्यात उशिरा. तिकडे मेरीलँडमध्ये बेथेस्डा ते न्यू कॅरलटन अशी पर्पल लाइन होते आहे, १६ मैल आणि २१ स्टेशनं. चेव्ही चेजच्या सधन मंडळींनी आणि तिथल्या एका गोल्फ क्लबनं तिच्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली. २०१६ साली ती कोर्टात अडकली, २०२० साली कंत्राटदार काम सोडून गेला, आणि अजून ती धावायची आहे. त्या वेळी झाडं, पायवाट, पर्यावरण असे सगळे शब्द वापरले गेले. झाडांचं दुःख खरं असतं. पण ते फक्त आपल्या कुंपणालगतच्या झाडांपुरतं असलं तर शंका घ्यायला जागा उरते.

इथे मला आपल्याच मंडळींच्या एका कसरतीबद्दल बोलायचं आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईच्या मेट्रो-३च्या कारशेडसाठी आरेमधली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी सह्या केल्या, आणि त्या योग्यच होत्या. पुण्यात मुठेच्या पात्रात मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हाही आपण तावातावानं बोललो. हजारो मैलांवरच्या मार्गाची आखणी कशी चुकली हे आपल्याला गल्लीनिशी सांगता येतं. पण इथे, जिथे आपण कर भरतो, जिथे आपल्याला (निदान सिटिझन झालेल्यांना) मत आहे, तिथे शेजारच्या एका वसाहतीत स्टेशनाजवळच्या घरांना हरकत घेणारं छापील पत्र फिरलं, तेव्हा त्याखाली मी ओळीनं चार मराठी आडनावं वाचली. त्यात एक जण आपल्या कार्यक्रमात आंबेडकरांवर सुंदर बोलतो. त्याच्याशी मी भांडले. तो म्हणाला, "अगं, तत्त्व वेगळं आणि शाळेचं रेटिंग वेगळं."

शाळांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गर्दी खरी असते, ट्रेलरमध्ये वर्ग भरलेले मीही पाहिले आहेत. पण आपल्या काउंटीत ती गर्दी कुणामुळे झाली? गेल्या पंचवीस वर्षांत शेतं बुजवून जी टाऊनहाऊसेस आणि सिंगल फॅमिली घरं उठली, त्यांत येऊन राहिलेल्या, दोन-दोन मुलं असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांमुळे. आपण आलो तेव्हा इथल्या जुन्या लोकांनीही हीच कुरकूर केली होती. स्टेशनलगतच्या एक-दोन बेडरूमच्या घरांत राहायला येतात ते बहुतेक एकटे तरुण, नवीन जोडपी, मुलं कॉलेजला गेलेले आईबाप. शाळांवर भार टाकण्यात ती घरं आपल्या घरांच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

आणि "नको ते लोक" म्हणजे कोण, हे एकदा कुणीतरी स्पष्ट उच्चारावं. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई आल्या तेव्हा व्हीलचेअर ढकलत त्यांना बाहेर घेऊन आलेली इथिओपियन बाई माझ्याशी बोलत थांबली. सासूबाईंनी तिला चिवड्याचं पाकीट काढून दिलं. ती म्हणाली, पहाटेची पाळी असली तर ती येते एका मैत्रिणीच्या गाडीत, पैसे वाटून. रात्रीची असली तर परत जाताना मेट्रो मध्यरात्री बंद झालेली असते, मग पुन्हा तेच. दिवसाची पाळी मिळाली की आनंद, कारण गाडी आणि बस मिळते. या भागात भाडं परवडत नाही म्हणून ती तासभर लांब राहते. आपल्या आईबापांना विमानाच्या दारातून आपल्या हाती सुखरूप सोपवणारी ही बाई. तिला स्टेशनजवळ परवडणारं घर मिळालं, तर आपल्या वसाहतीचं नेमकं काय बिघडणार आहे?

आईबापांचा विषय निघालाच आहे. दर उन्हाळ्यात आपल्या घरांत एक दृश्य असतं, तुम्ही ओळखाल. सकाळी आठला सगळे बाहेर पडतात आणि सत्तरीचे बाबा खिडकीशी बसून राहतात. रस्त्यावर कुत्रं फिरवणाऱ्या बाईखेरीज माणूस नाही. वाचनालय तीन मैलांवर, देऊळ सात मैलांवर, रस्त्याला फुटपाथ मध्येच संपतो. ज्या माणसानं तीस वर्षं लोकलनं व्हीटी गाठलं, तो सहा महिने मुलाच्या सुट्टीच्या दिवसाची वाट बघतो. "इथे सगळं छान आहे, पण कैदेत असल्यासारखं वाटतं," हे वाक्य किती जणांनी ऐकलं आहे? तीच कैद एच-फोरवर आलेल्या, अजून गाडी न शिकलेल्या सुनेची असते आणि चौदा वर्षांच्या मुलाची असते. याला कारण हवामान किंवा अमेरिकन स्वभाव नव्हे. घर कुठे, स्टेशन कुठे, बस किती वेळानं, हे कागदावर कुणीतरी ठरवलेलं असतं. माझे वडील मागच्या खेपेला स्मार्टट्रिप कार्ड घेऊन एकटेच स्मिथसोनियनला जाऊन आले. चार वेळा गेले. पण त्यासाठी त्यांना स्टेशनवर सोडायला आणि आणायला दोन्ही वेळा मला गाडी काढावी लागली, कारण आमच्या घरापासून स्टेशन अडीच मैल आहे आणि मधल्या एका चौकात पायी ओलांडायला सिग्नलच नाही.

मार्ग आता हलणार नाही. बारा लेनच्या मधून गाडी बाहेर काढता येणार नाही. हातात उरलं आहे ते स्टेशनाभोवतीचं वर्तुळ: तिथे घरं किती, कुणाला परवडणारी, फुटपाथ सलग आहे की नाही, बस पंधरा मिनिटांनी येते की तासानं, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे की नाही. हे सगळं झोनिंगच्या आणि बजेटच्या सुनावण्यांमध्ये ठरतं. एकेका माणसाला दोन-तीन मिनिटं मिळतात, समोर सुपरवायझर्स बसलेले असतात, आणि पुष्कळदा मागच्या खुर्च्यांवर हरकत घेणारे तीस आणि बाजूने बोलणारा एखादा बिल्डरचा वकील. बिल्डरच्या वकिलानं परवडणाऱ्या घरांची बाजू मांडावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ती आपण मांडायला हवी. त्यासाठी भाषणाची तयारी लागत नाही. आपले वडील खिडकीशी बसून असतात, एवढं सांगितलं तरी ऐकणारे ऐकतात, हे मी पाहिलं आहे.

पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे. सुनावण्या लीजबर्गला संध्याकाळी असतात आणि तिथे मेट्रो जात नाही. त्यामुळे माझ्याच गाडीत चार जागा आहेत, अ‍ॅशबर्न स्टेशनच्या उत्तरेकडच्या गॅरेजपाशी साडेपाचला थांबेन. येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. ज्यांनी त्या पत्रावर सह्या केल्या आहेत त्यांनीही यावं, जाता-येता भांडायला चाळीस मिनिटं मिळतील.